शब्दाची शेपटी

अमेरिकेत शॉमबर्गला भाड्याच्या घरात होतो तेव्हा दर शनिवारी कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटमध्ये एक मेक्सिकन आजी भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. मोज्यांची घडी घालण्याआधी ती प्रत्येक जोडी गालाला लावून बघायची. तिच्या स्पॅनिश बोलण्यात सगळ्याला शेवटी ‘इता’ नाहीतर ‘इतो’ लागायचंच. पाणी म्हणजे ‘आग्वा’, पण माझ्या चार वर्षांच्या लेकीला पेला देताना ती म्हणायची, “आग्वीता.”

लेक माझी, पण मराठीत अवाक्षर काढायची नाही. मी कितीही रागावले तरी मला ‘मॉम’च.

एकदा मी आजीला विचारलं, “इता म्हणजे छोटं ना?”

“छोटं कसलं!” ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “शेपटी लावली की शब्द मांडीवर येऊन बसतो. तुमच्यात काय लावतात?”

मी ‘सोनुलं’, ‘पिटुकलं’ सांगितलं. ‘पिटुकलं’ ऐकून ती ड्रायरला टेकून हसत सुटली.

त्या दिवशी घरी जाताना मागच्या सीटवरून आवाज आला, “आईता, पाणीता!”

चुका सुधारायची माझी खोड जुनी. पण मी गाडी बाजूला घेतली आणि तिला पाणीता दिलं.