घोंगडीचा मोबदला

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा येईपर्यंत ऐकून घ्या. कारण यात माझं नेमकं कुठं चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही. चांगलं वागायला गेलो आणि घरात कोकरू आलं, एवढं मात्र नक्की.

माझं जाफराबादला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक माझ्याकडं येतात. पावसाळ्यात कुणी येत नाही. अशाच रिकाम्या दिवसांत मला इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाचा नाद लागला. तिथं कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं. मालक नाही, पगार नाही, सगळी हौशी माणसं. त्यांच्यातलेच काही जण निवडून प्रचालक होतात. म्हणजे भांडणं सोडवायची, नियम सांभाळायचे, आणि तेही फुकटच.

मी तिथं घोंगडीवर लेख लिहिला. माझे मामा कुंभार पिंपळगावजवळ राहतात. घरची मेंढरं आहेत, आणि मामा स्वतः मागावर बसून घोंगडी विणतात. काही महिन्यांनी त्यांच्या सुनेनं तो लेख मोबाइलवर त्यांना वाचून दाखवला. लगेच मामांचा फोन.

"सुभाष, हे तू लिह्यलं व्हय?"

"हो मामा."

"चिंचोक्याची खळ कशी देतेत ते बराबर लिह्यलं बघ. ये इकडं."

गेलो, तर मामांनी नवीकोरी काळी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. मामानं द्यावं, भाच्यानं घ्यावं. आपल्याकडं यात विचारायचं काय असतं?

पण मी शहाणपणा केला. ज्ञानकोशाचा एक नियम आहे. लिहिण्याबद्दल कुणाकडून काही मिळालं, तर ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याआधी कुणीतरी पैसे घेऊन एका बियाणे कंपनीचं गोडगोड कौतुक लिहिलं होतं आणि बराच गोंधळ झाला होता. म्हटलं, आपण स्वच्छ राहावं. लेखाच्या चर्चा पानावर लिहून टाकलं, 'या लेखाबद्दल मला मामांकडून एक घोंगडी मिळाली आहे. कळावे.'

मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, किती प्रामाणिक माणूस.

उत्तर आलं ते सुमेधाताईंचं. त्या पुण्याच्या, आमच्या प्रचालक. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण त्यांचं नाव दिसलं की मी खुर्चीत सरळ बसतो.

'मामा घोंगड्या विकतात का?' त्यांनी लिहिलं.

'बाजारात विकतात.'

'म्हणजे तुम्हाला विक्रेत्याकडून वस्तू मिळाली.'

'विक्रेता नाही हो ताई, मामा आहेत.'

'मामा विक्रेते असू शकतात.'

यावर मी बराच वेळ विचार केला. खरंच, असू शकतात की.

'बियाण्याला एक नियम आणि घोंगडीला दुसरा, असं करता येणार नाही,' त्या पुढं म्हणाल्या. 'या लेखाशी संबंध नसलेले दोन सदस्य तपासणी करतील. तोवर चर्चा पान सोडून तुमचं लिखाण थांबवलं आहे. वस्तू परत केलीत तर बरं होईल.'

मला राग आला. पण त्यांच्या बोलण्यात चूक काढायला गेलो तर एकही सापडली नाही. त्यामुळं आणखी राग आला.

मंग काय, ऐन उन्हात घोंगडी मांडीवर घेऊन एसटीनं निघालो. मामांपुढं ठेवली.

"का रं? टोचती का?"

"टोचत न्हाई मामा. तिथला नियम है. लिहिण्याबद्दल काही घेता येत न्हाई."

"सरकारी नियम है का?"

"न्हाई."

"मंग पगार देतेत का तुला?"

"न्हाई."

"म्हंजे लिहायचं फुकट, अन् वरून नियम बी त्यांचाच?" मामा माझ्याकडं काळजीनं बघू लागले. मामी आतून म्हणाली, "आवो, लहान पडली आसंल. मोठी द्या."

मी काही बोलायच्या आत दुसरी घोंगडी आली. पहिली मामांनी परत घेतलीच नाही. "भाच्याला दिलेलं वापस घेतलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल," म्हणाले.

प्रामाणिकपणा एकदा सुरू केला की मधेच बंद करता येत नाही. घरी येऊन लिहिलं, 'घोंगडी परत करायला गेलो होतो. आता दोन झाल्या आहेत.'

अमेरिकेतल्या एका सदस्यानं विचारलं, 'हे गृहस्थ मोबदला वाढवून घेत आहेत का?'

मी तिथं तळमळून लिहिलं की हा मोबदला नाही, हे मामाचं प्रेम आहे. त्यावर कुणीतरी प्रेमाची व्याख्या मागितली, संदर्भासहित.

मी पुन्हा गेलो, दोन्ही घोंगड्या घेऊन. या वेळी मामांनी घोंगड्यांना हातही लावला नाही. अंगणात जाऊन बसले. मंग हळूच म्हणाले, "दोनदा आणून टाकली तू. तुझ्या मनात काही है का? पोराच्या लग्नात तुझा मान करायचा राह्यला का आमच्याकून?"

आता याला काय सांगावं? म्हातारा माणूस डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, "बिलकुल न्हाई मामा. तुम्ही द्याल ते घेतो."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. मामा उठले आणि मेंढरांच्या वाड्याकडं गेले. येताना त्यांच्या काखेत कोकरू होतं.

एसटीत ते माझ्या मांडीवरच्या दोन्ही घोंगड्यांच्या घडीवर झोपलं. मी चर्चा पानावर तेही लिहिलं. मग विचारणा झाली की कोकरू मोठं होणार, त्याला दरवर्षी लोकर येणार, तर हा एकरकमी मोबदला धरायचा की वार्षिक? या प्रश्नावर दोन गट पडले. मला दोन्ही गटांचं पटत होतं.

शेवटी तपासणीचा निकाल लागला. मी तो वाचला. 'सुभाष यांनी मिळालेल्या वस्तू स्वतःहून जाहीर केल्या, हे योग्य केलं. त्यांच्यावरची बंदी उठवावी. मात्र हा लेख सुमेधा यांनी घोंगडी मिळण्यापूर्वीच पूर्णपणे नव्यानं लिहिलेला आहे. मूळ लेखकाचा त्यात एक स्वल्पविराम शिल्लक आहे.'

मी लेख उघडला. एकदा लिहून चढवल्यावर मी तो परत वाचलाच नव्हता. खळीची सगळी माहिती ताईंची होती, पुस्तकांचे संदर्भ देऊन. त्या रोज इतके लेख सुधारतात की त्यांच्याही ते ध्यानात नव्हतं. त्यांनी खाली लिहिलं होतं, 'या प्रकरणात मी निर्णय देणं योग्य नव्हतं. क्षमस्व.'

मामांना फोन लावला. "मामा, मिटलं. त्या लेखात माझं काही राह्यलंच न्हाई."

"मंग ते खळीचं?"

"ते पुण्याच्या ताईंनी लिह्यलं."

मामांनी विचारलं, "घोंगड्या वापरल्या का तू?"

"न्हाई. घडीतच हैत."

"मंग घेऊन ये दोन्ही. त्या बाईला धाडू."

"पण भाच्याला दिलेलं वापस घेत न्हाई म्हणलात ना तुम्ही?"

"भाच्याला कुठं दिल्त्या? लिहिणाराला दिल्त्या."

म्हणजे मोबदलाच होता. मी उगाच प्रेमाचे संदर्भ शोधत बसलो.

"अन् कोकरू?" मी विचारलं. आमच्या हिनं तोवर त्याचं नावही ठेवलं होतं.

"तुझं काहीच न्हाई का त्या लेखात?"

"एक स्वल्पविराम है."

"ते काय आसतं?"

"वाचताना जरा थांबायची खूण."

मामांनी थोडा विचार केला. "मंग कोकरू ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तेवढं थांबल्याचं."

तो स्वल्पविरामही चुकीच्या जागी पडलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.