सेरवाआजीच्या गोष्टीतली गाणी

१४ जून २०१९ रोजी रेडिओवाल्या बोआचेने मामपाँग गावच्या सेरवाआजीची गोष्ट ध्वनिमुद्रित केली आणि तिला चारशे सेडी मानधन दिलं. गोष्ट रेडिओवर लागली, तेव्हा तिच्यातली शेजारणींची गाणीच गायब होती. ऐकणाऱ्याने मध्येच उठून गाणं धरायचं आणि सांगणाऱ्याने तोवर थांबायचं, अशी इथली रीत. आजी तडक रेडिओ स्टेशनात बोआचेसमोर धडकली.

“माझ्या शेजारणी कुठे गेल्या रे?”

“त्या मध्येमध्ये तोंड घालत होत्या, आजी, म्हणून कापल्या. आता कशी तुमची एकटीची गोष्ट झाली!”

“एकटीची? भिंतीशी बडबडायला मी काय वेडी आहे? अर्धी गोष्ट त्यांची होती, मेल्या! आता माझाही आवाज काप.”

तिने तीनशे ऐंशी सेडी टेबलावर आपटले. वीस टॅक्सीत गेले होते. आजीकडून ते देणं अजून बाकी आहे.