चार सायकली आणि पुढची गाडी

बाळकुमच्या दौलत भोईरचं लहानपण वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलं. गावात टॉवर उभे राहिले तसं दुकान बंद पडलं आणि दौलत पाणी खात्यात नोकरीला लागला, पण हातातली कला तशीच राहिली. त्याच्या सोळा वर्षांच्या सोनलला सायकलचं वेड लागलं, तेव्हा हे आपल्याकडूनच आलं, असं त्याने मनोमन धरून ठेवलं.

सोनलच्या तोंडी मात्र दिवसभर सलिलकाका. सलिल समोरच्या टॉवरमधला, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या पगारावर. सायकल चालवायला लागून त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली, तरी रोज सकाळी सोनल आणि तिच्या तीन मैत्रिणींना सरावाला तोच न्यायचा.

"सलिलकाका म्हणाले, सीट अर्धा इंच वर घे," सोनल एकदा जेवताना म्हणाली. हेच दौलतने तिला महिन्यापूर्वी सांगितलेलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला.

मग शहाडच्या पुढे मुलींची शर्यत ठरली. सलिल घरी आला. त्याच्या गाडीच्या मागे बसवलेल्या लोखंडी हुकावर सायकली लावायचा चकचकीत कॅरियर होता.

"दौलतराव, माझ्या कॅरियरवर तीन सायकली बसतात. चौथी तेवढी तुमच्या गाडीत टाकाल का?"

"चौथीच कशाला? चारही मीच नेतो," दौलत म्हणाला.

बोलून तर गेला, पण न्यायच्या कशा? शनिवारी तो ॲक्सेसरीजच्या दुकानात गेला. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा कॅरियर होता, पण त्यावर तीनच सायकली राहत आणि नंबर प्लेट झाकली जायची. छतावरचा त्याला आवडला, कारण तो लांबून दिसला असता. दुकानदाराने गाडीचं पुस्तक उघडून दाखवलं. चार सायकली आणि कॅरियर मिळून छताला झेपेल त्याहून वजन जास्त होत होतं. "सलिलसाहेबांसारखा हुक आमच्याकडून बसवून घ्या," दुकानदार म्हणाला, "पण आठ दिवस लागतील." शर्यत दुसऱ्याच दिवशी होती. शिवाय 'सलिलसाहेबांसारखा' हा शब्द दौलतला जास्त टोचला.

घरी येऊन त्याने गाडीच्या मागच्या दोन्ही रांगा आडव्या केल्या, चारही सायकलींची पुढची चाकं काढली आणि मध्ये गोधड्या घालून सायकली आत रचल्या. बायको कांता दारात उभी राहून बघत होती.

"बसल्या की नाही?" तो म्हणाला.

"बसल्या. पण पोरी कुठे बसणार?"

दौलतच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी सकाळी चारही मुली सलिलच्या गाडीत चढल्या. दौलतच्या शेजारची सीट रिकामी होती. "सोनल, पुढे बस की माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"पप्पा, आम्हाला शर्यतीचं ठरवायचंय. सलिलकाका सांगणारेत."

कशेळीच्या पुलापासून दुर्गाडीपर्यंत सलिलची गाडी त्याच्या पुढेच होती. मागच्या काचेतून पोरींची हसणारी डोकी दिसायची. एकदा सोनलने मागे वळून हात केला. त्यानेही केला, पण तोवर ती पुन्हा सलिलकडे वळली होती. इतका दिमाखदार कॅरियर मागे रिकामा हलत चालला होता, त्याचंही दौलतला सुख वाटेना.

मैदानावर पोचल्यावर त्याने चाकं बसवली. सोनलचं चाक ब्रेकला घासत होतं, गोधडीखाली दबून वाकलं असावं. सलिल पान्याने ब्रेक सैल करायला पुढे झाला.

"काका, राहू द्या," सोनल म्हणाली. "पप्पा बघतील."

दौलतने सायकल उलटी केली, चाक फिरवलं, चाकातल्या तारा बोटांनी वाजवून पाहिल्या आणि दोन तारा आवळल्या. चाक सरळ फिरू लागलं. सोनल त्या दिवशी चौथी आली आणि खूश होती.

परत निघताना सलिल म्हणाला, "मलाही शिकवा ना हे. कोणती तार आवळायची, ते तुम्हाला कसं कळलं?"

दौलतने त्याला पाना कसा धरायचा ते दाखवलं, तार किती फिरवायची तेही दाखवलं. सैल तार तिच्या आवाजावरून ओळखता येते, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

"सवयीने येतं," तो म्हणाला आणि सायकली भरायला लागला.