काठीपेक्षा रुंद होडी

माझा थोरला भाऊ क्लेबेर वर्षभर हातात एक काठी घेऊन होड्या बघत हिंडला. लोक मुलगी बघायला जातात तेव्हा निदान चहा तरी पितात. हा गडी कुणाच्याही अंगणात शिरायचा, राम राम नाही, काही नाही, सरळ होडीवर काठी आडवी ठेवायचा आणि मान हलवून बाहेर पडायचा. बायूच्या, म्हणजे आमच्या संथ खाडीच्या, दोन्ही काठांवर त्याला 'काठीवाला' म्हणायला लागले होते.

काठी विलोच्या झाडाची होती, आमच्या बाबांच्या जुन्या होडीच्या रुंदीची. ती होडी गेल्या वादळात पुलाच्या खांबावर आपटून फुटली. पण बाबांनी तिच्या मापाने खणलेला चर अजून आहे. बायूपासून आमच्या तळ्यापर्यंत, दलदलीतून, नुसत्या फावड्याने खणलेला. होडी आत गेली की दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा उरते, जास्त नाही. रुंद करायचा नाही, अशी बाबांची ताकीदच होती. रुंद चरातून खारं पाणी आत येतं, गवताची मुळं कुजतात आणि जमीन विरघळते. पलीकडच्या कुटुंबाने होडीला मोठं इंजिन घातलं म्हणून त्यांचा चर वाढवला. त्यांचं तळं आता फक्त जुन्या नकाशात आहे.

तर होडी चरात मावणारी हवी. आणि एकच हवी, कारण खेकडे धरून पोट भरणाऱ्या माणसाला दोन होड्या परवडत नाहीत. उन्हाळ्यात तिने पिंजरे आणि मासे वाहायचे, थंडीत तळ्यावर बदकांच्या शिकारीला न्यायचं. लाकडाची नवी करून देणारे हात आता उरले नाहीत. ॲल्युमिनियमची घ्यावी तर नुसता बूट लागला तरी भांडं पडल्यासारखा आवाज होतो, आणि बदकं काय बहिरी असतात? उथळ काठाची घेतली तर उन्हाळी वाऱ्यात पाणी आत येतं. खोल काठाची घेतली तर दलदलीत दुरून दिसते. क्लेबेर बोटांवर हे सगळं मोजून दाखवायचा, आणि मी भांडी घासता घासता 'हं' म्हणायची.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. माझा नवरा उलिस आणि क्लेबेर चाळीस वर्षं त्या तळ्यावर एकत्र बसत आले. उलिस बदकांना बोलावणारी लाकडी शिट्टी फुंकायचा, क्लेबेर बंदूक चालवायचा. बाकी वेळ दोघं भांडायचे. फेब्रुवारीत उलिसला झटका आला. डावा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं, आणि बोलणंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, बोलायला लावा. मी लावत होते हो! ओरडले, रडले, गाणीसुद्धा म्हटली. तो ओसरीवर बसून शिट्टी मुठीत धरायचा आणि बायूकडे बघायचा. दिवसाला चार शब्द, तेही 'नको', 'हो', 'कॉफी' आणि परत 'नको'. चाळीस वर्षं ज्याची बडबड थांबावी म्हणून मी देवाला नवस केले, त्याचा आवाज ऐकायला मी तरसले होते.

सप्टेंबरात विल्टनच्या होड्यांच्या दुकानातून निरोप आला. मी आणि उलिसही गेलो. दुकानामागच्या कालव्यात एक जुनी होडी बांधली होती, सपाट तळाची, गवताच्या रंगाची. आत आधीच्या मालकाने रबर अंथरलं होतं, म्हणजे आवाजाचाही प्रश्न मिटला. क्लेबेरने काठी ठेवली. तंतोतंत! माझा म्हातारा भाऊ असा हसला की मला त्याचे पडलेले दात पहिल्यांदा मोजता आले.

"मिस्टर क्लेबेर, तुमच्यासाठीच थांबली होती बघा," विल्टन म्हणाला. "किंमतही तुमच्या खिशाकडे बघूनच सांगतो."

"थांब. आधी आमच्या मेव्हण्याला बसू दे," क्लेबेर म्हणाला.

आम्ही दोघांनी उलिसला धरलं. त्याने चांगला पाय आत टाकला. दुसरा उचलेपर्यंत होडी कलली, आणि तो गुडघ्यावर आपटला, अर्धा पाण्यात. लागलं नाही फारसं. पण विल्टन तोंड फिरवून दोरीशी उगाच खेळत बसला, ते उलिसने पाहिलं. मीही पाहिलं.

"एकट्या माणसाला झकास आहे," विल्टन हळूच म्हणाला.

उलिसने बाही पिळली आणि म्हणाला, "नको. बदकांचा... कंटाळा आला."

कंटाळा! बदकांचा! घरी येताना गाडीत माझा तोल सुटला. "घे ना ती होडी," मी क्लेबेरला म्हटलं. "बसते ना तुझ्या त्या मेल्या काठीत? जा एकटा तळ्यावर. माझं माणूस ओसरीवर बसेल, त्याची तुला कशाला काळजी?"

"एर्मीन," तो म्हणाला, "जरा गप बसशील?"

मी गप बसले नाही. घर येईपर्यंत बोलत राहिले. मधे बसलेला उलिस खिडकीबाहेर बघत होता आणि क्लेबेर रस्त्यावर डोळे लावून गाडी हाकत होता. नंतर दोन आठवडे तो आमच्याकडे फिरकलाच नाही. मला वाटलं, घेतली याने ती होडी, आता तोंड दाखवायची लाज वाटते.

मग एका दुपारी ट्रेलर खडखडत अंगणात आला. वर एक ॲल्युमिनियमची होडी, चंदेरी, पोचे आलेली आणि रुंद. इतकी रुंद की आमचं जेवणाचं टेबल आत बसलं असतं. मधोमध पाठीची खुर्ची पक्की केलेली. तळाला कुणाच्या तरी बैठकीचा लाल गालिचा चिकटवलेला.

"अरे, ही काठीपेक्षा हातभर मोठी आहे!" मी ओरडले.

"दिसतंय. आंधळा नाही मी."

"मग तळं?"

"तळं आहे तिथंच राहील. ते कुठं जातंय?"

"आणि तू?"

त्याने खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीपुढे त्याने विलोची काठी दोन्ही काठांना खिळे ठोकून आडवी बसवली होती. माप कमी पडल्यामुळे दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे जोडले होते. उलिसला चांगल्या हाताने धरायला. मला एकदम रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी गालिच्याच्या रंगावरून त्याला भरपूर बोलून घेतलं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी पहाटे उलिसला आम्ही खुर्चीत बसवलं. होडी हललीसुद्धा नाही. त्याने काठी मुठीत गच्च धरली. लाल गालिच्यावर आणि चंदेरी काठांवर गवताच्या पेंढ्या टाकून दोघं निघाले. चराच्या तोंडाशी थांबणार होते, आत जाता येत नव्हतं. तिथं कुठली बदकं येणार? सगळी डोक्यावरून आमच्याच तळ्यावर जाणार, हे क्लेबेरला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी तांदूळ धुतले, गंबोच्या रश्श्यासाठी पीठ तेलात भाजायला घेतलं आणि नऊ वाजता धक्क्यावर जाऊन उभी राहिले. धुकं होतं. होडी दिसत नव्हती. आधी एक फाटका आवाज आला, शिट्टीत वारा जावा आणि अर्ध्यात अडकावा तसा. मग कुणीतरी ओरडलं.

"गाढवा! डावीकडे... डावीकडे होती! एवढी मोठी बदकं, दोन... आणि तू पाणकोंबडी मारलीस!"

शब्द जड होते, मधेमधे घसरत होते, पण थांबत नव्हते.

"तू वाजवलंस काय ते ऐकलंस का?" क्लेबेरचा आवाज. "त्या आवाजाला पाणकोंबडीच येणार!"

"चाळीस वर्षं... चाळीस वर्षं हेच करतोयस! बंदूक दे... माझ्याकडे दे उद्या!"

"एका हाताने?"

"तुझ्या दोन हातांपेक्षा बरा आहे!"

मी धक्क्यावर खाली बसले. चुलीवरचं पीठ करपत होतं, वास इथपर्यंत येत होता. मी उठले नाही. होडी धुक्यातून बाहेर आली तेव्हा तळाशी एकच पाणकोंबडी पडली होती आणि माझा नवरा अजून शिव्या देत होता.