फडाला लावलेली काडी

"धर कान," ते म्हणाले.

मी धरले. पन्नाशीला आलेला माणूस. चर्चमध्ये, वेदीसमोर. लेकराबाळांसमोर.

पर्यावरणाचा रविवार होता. नेवाशाकडचे एक मोठे बागायतदार पाहुणे म्हणून आले होते, वाटायला रोपं घेऊन. पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? आमच्यात आपलं पाप, आपली सुटका मंडळीसमोर उभं राहून सांगतात, ती साक्ष. मी कधी उठलो नव्हतो. त्या दिवशी उठलो.

सांगितलं, मी ऊसतोडीला जातो. उभा ऊस पेटवतो. पाला जळाला की तोड झपाट्यानं होते. कित्येक हंगाम हेच केलं. गेल्या हंगामाच्या शेवटी ऊन असं तापलं, की माझी बायको मार्था भर दुपारी मोळी टाकून खाली बसली ती उठलीच नाही. तिच्या तोंडावर काजळी होती. मीच पेटवलेल्या उसाची. तेव्हापासून वाटतं, आभाळ मीच तापवलं. घरात पंखा लावत नाही. चूल एकदाच पेटवतो.

पाहुणे माइकवर हसले. "ऐकलं ना पोरांनो? असल्या अडाण्यांमुळंच पृथ्वी तापते. धर कान. म्हण, पुन्हा काडी लावणार नाही."

पोरं हसली. मी म्हणत होतो. खरं सांगतो, बरंही वाटत होतं. शिक्षा झाली म्हणून.

मागून रूथआक्का बोलली. मार्थाची थोरली बहीण, आमच्याच टोळीतली.

"दाजी, कान सोडा. काडीपेटी कुनी दिल्ती ते सांगा की. अर्धी साक्ष देत न्हाईत."

हात आपोआप खाली आले.

मार्था जिथं बसली तो उसाचा फड पाहुण्यांचाच होता. मी त्यांना बघताक्षणी ओळखलं होतं. त्यांनी मला नाही. तोडणाऱ्याचं तोंड कोण बघतं? त्यांचाच मुकादम काडीपेटी घेऊन आला होता. "मालकाला रान लवकर मोकळं पायजे. पेटवा." त्या दुपारी आम्ही सावलीला बसलो तर त्यानंच उठवलं. हे सगळं मी गिळलं, आणि पाप तेवढं एकट्याच्या डोक्यावर घेऊन फिरलो.

"साहेब, फड तुमचा हुता," मी म्हणालो. "मार्था तुमच्याच फडात गेली."

माइक बंद झाला. पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू केलं.

रोपं तशीच राहिली. आमची टोळी चर्चच्या ओट्यावर बसली. मग आम्ही दुसऱ्या टोळ्यांकडे गेलो, ज्यांच्या घरी देव्हारा त्यांच्याकडेही. ठरलं. ऊस पेटवायचा नाही, पेटवलेला तोडायचा नाही. ऊन चढलं की कोयता खाली.

"काढून टाकतील," कुणीतरी म्हणालं.

"टाकू दे. सगळ्याच टोळ्या काढल्यावर तोडील कोन? मालकीन?" आक्का म्हणाली. कुणी हसलं नाही.

मार्था येणार नाही. काडी माझ्या हातानं लागली, तेही मी नाकारत नाही. पण हंगाम तोंडावर आलाय. मुकादम काडीपेटी पुढं करील. मी हात पुढं करणार नाही. माझ्या शेजारचा करणार नाही. त्याच्या पलीकडची आक्काही नाही.

आणि कान आता कुणापुढं धरणार नाही.