यादीतला दुसरा नंबर
मुळ्याच्या पाल्याचा वास आला की बोरिवलीच्या परसातले माझ्या सशांचे पिंजरे आठवतात. पिल्लं झाली की मी आठ आणे इसार घेऊन गिऱ्हाइकांची यादी करायचो. पहिल्या नंबराला पहिली पसंती. एकदा पहिला होता शेजारच्या चाळीतला कारकून. त्याने पांढरं पिल्लू निवडलं आणि महिनाभर रोज पाला आणून त्याला भरवला. न्यायच्या दिवशी म्हणतो, “शेठ, पोसलं तर मीच. दोन रुपये कमी करा ना!” मी भडकलो. इसार परत देऊन सगळ्यांदेखत ओरडलो, “दोन रुपये कमी घेईन, पण दुसऱ्या नंबराला देईन, तुला नाही!” दुसऱ्या नंबरच्या बाई शांतपणे पुढे आल्या, पैसे दिले आणि कारकुनाला म्हणाल्या, “जावईबापू, टोपली धरा.” सगळे हसले, मी सोडून. आता मीही हसतो. पण मुळा घेताना ते दोन रुपये भाजीवालीकडून वसूल करायला बघतोच.