चादरीची दोन टोकं

डबल बेडच्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोन टोकं बायकोकडे, दोन माझ्याकडे, ही आमच्याकडची लग्नापासूनची पद्धत. आज दुसऱ्याच चादरीला माझे हात खाली आले. बायकोनं माझ्या हातातली टोकं काढून घेतली, चादर हनुवटीखाली धरली आणि एकटीनं घडी घातली. इतकी वर्षं मी उगाच समजत होतो, की माझ्यावाचून अडतं.

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मला दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन बंद करणारं इंजेक्शन असतं. त्यानं कॅन्सर उपाशी मरतो म्हणे, पण त्याच्याबरोबर शरीरातला पुरुषही मरतो. चौथ्या पायरीवर दम लागतो. बसल्या जागी अंगातून वाफा निघतात, मान घामानं भिजते. झोपून उठलो तरी थकवा तसाच असतो.

पाळी जाताना बायकोचंही असंच व्हायचं. एकदा घडी घालतानाच ती घामाघूम होऊन खाली बसली होती. मी माझी टोकं धरून उभा होतो. म्हणालो होतो, "दिवसभर घरातच तर असतेस. दमायला काय झालं?"

आज घडी कपाटात ठेवून ती आली. मी पलंगावर बसून घाम पुसत होतो.

"दिवसभर घरातच तर असता," ती म्हणाली. "दमायला काय झालं?"

आवाजात राग नव्हता. म्हणाली आणि जाता जाता तिनं पंखा लावला.

त्या दिवशी मी पंखासुद्धा लावला नव्हता.